एकाच दांडीवरचं घड्याळ

किटी हॉक, १७ डिसेंबर १९०३. जॉन डॅनियल्सने टिपलेला तो फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो: नुकतंच उचललेलं विमान आणि शेजारी विल्बर राइट. त्या विमानावर तीन उपकरणं होती: हवेचा वेग मोजणारं, इंजिनाचे फेरे मोजणारं आणि स्टॉपवॉच. इंजिन बंद करायची दांडी सरकवली की तिन्ही एकदमच थांबत. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फुटांचं.

१९३९ मध्ये फ्रान्समधल्या मारिन्यानला फ्रांस्वा उसनो यांनी आरशावरून वळवलेल्या प्रकाशकिरणाने सरकत्या फिल्मवर नोंदी उमटवल्या. रेषा अनेक, फिल्म एक. म्हणून वेळही एकच.

आज कॅमेरा वेगळा, सेन्सर वेगळा, दोघांची घड्याळं वेगळी. एका हौशी वैमानिकाच्या कसरतींच्या व्हिडिओवर मी आकडे चढवले, तर लूप सुरू होतानाचे ४ जी विमान अजून सरळ उडत असतानाच दिसले. चूक तीन सेकंदांची. पण स्टिक कुठे जास्त ओढली, हे तो त्यावरूनच ठरवणार होता, आणि विमानाची मर्यादा होती ६ जी.

शेवटी लूपआधी त्याने पंख हलवले होते ती जागा सापडली. चित्रात क्षितिज कलतं, नोंदीत झुकावाचा आकडा बदलतो, दोन्ही जुळवले. राइट बंधूंनी हे काम उड्डाणाआधीच, एका दांडीत उरकलं होतं.