कातळातल्या वाटा आणि पाण्याची टाकी

लखनऊहून सीतापूरकडे जाणाऱ्या राजरस्त्यावर बख्शी का तालाब नावाची वस्ती आहे. नवाबी अमलातील एका बक्षीने बांधविलेल्या तलावावरून तिला हे नाव मिळाले. गंगेच्या खोऱ्यातील त्या सपाट मुलखात वाट आधी पडते आणि पाणी मागाहून येते: ज्या रस्त्याने लष्कर, व्यापारी आणि यात्रेकरू जातात, त्याच्या कडेला एखादा संपन्न अंमलदार तलाव खोदवितो, आणि तेथील मऊ माती त्याच्या इच्छेला फारसा विरोध करीत नाही. सह्याद्रीत हा क्रम उलटा आहे. तेथे कातळ जेथे फुटतो तेथूनच वाट चढते, जेथे तो पाणी धरतो तेथेच ती विसावते, आणि राजसत्ता तिच्यावर हक्क सांगावयास सर्वांच्या शेवटी येते.

ह्याचे कारण पर्वताच्या घडणीतच आहे. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचे थरावर थर निवून हा काळा पाषाण तयार झाला. त्यातील कठीण थरांचे ताशीव कडे झाले आणि मऊ थर झिजून कड्यांच्या मधोमध आडवे पदर उरले. दोन थरांच्या सांध्यातून पाणी पाझरते, आणि ज्या उभ्या भेगांत पावसाळी ओढे शतकानुशतके उतरत राहिले त्यांच्या नाळा झाल्या. कोकणातून घाटमाथ्यावर जाणाराला कड्यापुढे दुसरा इलाज नव्हता. त्याने नाळ शोधावी, पदर धरावा आणि पाण्याशी टेकावे, एवढेच त्याच्या हाती होते.

जुन्नरच्या पश्चिमेचा नाणेघाट हे ह्या नियमाचे सर्वांत जुने आणि सर्वांत बोलके उदाहरण होय. कल्याण आणि सोपारा ह्या बंदरांतून निघालेला माल जुन्नरमार्गे पैठण आणि तेर येथवर जाई तो ह्याच अरुंद खिंडीतून. घाटाच्या तोंडाशी कोरलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील विस्तृत लेख आहे. त्यात तिच्या घराण्याने केलेल्या यज्ञांची आणि त्या निमित्ताने दक्षिणा दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापणांची मोजदाद आहे. भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासात ह्या मोजदादीला मोठे मोल आहे. परंतु वाटेच्या इतिहासाला ह्या राजवैभवापेक्षा जवळच्याच टाक्यावरील एक छोटासा लेख अधिक मोलाचा वाटतो: सोपाऱ्याच्या गोविंददासाने हे टाके दान दिले, एवढेच तो सांगतो. बंदरातला माणूस इतक्या उंचीवर कातळ फोडून पाण्याची सोय करतो, त्याअर्थी ही वाट कोणत्याही फर्मानापेक्षा वाटसरूंच्या तहानेवर आणि पुण्यबुद्धीवर चालत होती, असेच म्हणावे लागते. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकीत, असे लोक सांगतात. ते खरे धरले तरी जकात ही वाट वाहती झाल्यानंतरचीच गोष्ट होय.

पुढील शतकांत सत्ता बदलल्या, वाट बदलली नाही. जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे किल्ले जुन्नरच्या मुलखात असे उभे आहेत की घाटातून चढणारा तांडा कोणाच्या ना कोणाच्या नजरेखालूनच जावा. किल्ल्यावर तैनात शिबंदी असे, खाली चौकी बसे, महादेव कोळ्यांकडे घाटांच्या राखणीचा बंदोबस्त असे. आणि मिठाच्या गोणी वाहणारे बैल मात्र जुन्याच टाक्यांपाशी थांबत.

हरिश्चंद्रगडावर हीच गोष्ट निराळ्या रूपाने दिसते. सुमारे 1,400 मीटर उंचीच्या ह्या डोंगरावर मंदिर, पुष्करणी आणि पाण्यात उभे असलेले केदारेश्वराचे लिंग आहे. चांगदेवांनी येथे तप केले अशी परंपरा आहे. पाचनईची सोपी वाट आणि खिरेश्वराहून टोलार खिंडीने येणारी कातळाची वाट, दोन्ही ह्या पाण्याकडेच येतात. कोकणातल्या बेलपाड्याकडून वर येणारी नळीची वाट मात्र खडी आणि निसरड्या दगडधोंड्यांची. तिच्यातून लादलेला बैल जाणे शक्य नव्हते, म्हणून ती मोकळ्या पायाच्या आणि धीट काळजाच्या माणसापुरतीच राहिली. जवळच कोकणकड्याची आत वळलेली प्रचंड भिंत आहे. ज्या कर्नल साइक्सने 1828 साली नाणेघाटाच्या लेखांकडे विद्वानांचे लक्ष वेधले, त्यानेच येथे दिसणाऱ्या वर्तुळाकार इंद्रवज्राचे वर्णनही करून ठेवले आहे.

ह्या वाटांचे वैभव कोणत्याही लढाईने संपविले नाही. 1830 साली सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, 1863 साली त्याच घाटातून आगगाडी चढली. आणि एकदा चाक डोंगर चढू लागले म्हणजे बैलाच्या खुरांची वाट धरण्याचे प्रयोजन उरत नाही. सुरुंगाने कातळ फोडण्याची शक्ती आलेल्या राज्याला नाळेची गरज नव्हती, आणि इंजिनासाठी लागणारे पाणी जेथे हवे तेथे साठविता येत होते. येथे सह्याद्रीत प्रथमच सपाट मुलखाचा क्रम लागू झाला.

ओस पडलेल्या त्या वाटांवर पुन्हा पावले उमटली ती हौशी गिरिभ्रमण करणाऱ्यांची. 1954 साली मुंबईत गिरिविहार ही संस्था निघाली, गो. नी. दांडेकरांनी दुर्गभ्रमणाचा छंद मराठी वाचकाला लावला, आणि पाठीवर पिशवी घेतलेली तरुण मंडळी घाटांचा माग काढू लागली. परंतु त्यांच्याबरोबर वाटांची प्रतवारीही पालटली. पूर्वी जी वाट अधिक माणसांना आणि अधिक ओझ्याला सुखरूप वर नेई ती थोर समजली जाई. आज नळीच्या वाटेचे नाव आदराने घेतात आणि पाचनईची वाट नवख्यांसाठी सोडून देतात. दुर्गमतेचे हे आकर्षण निंद्य नाही, पण सह्याद्रीचा इतिहास तिने घडविलेला नाही. तो घडविला आहे सोप्या वाटांनी, आणि त्या सोप्या व्हाव्यात म्हणून ज्यांनी कातळात पायऱ्या व टाकी खोदली त्यांनी. म्हणून आज एखादी वाट किती अवघड हे विचारण्यापूर्वी तिच्यावर पाणी कोठे आहे आणि ते तेथे कोणी धरून ठेवले, हे विचारणेच अधिक योग्य होय.