सेगफॉल्ट पकडण्याची पन्नास वर्षे

प्रोग्रामने आपल्या मालकीच्या नसलेल्या मेमरीला हात लावला, किंवा फक्त वाचण्यासाठी दिलेल्या जागी लिहायला गेला, की प्रोसेसर त्याला अडवतो. या अडवणुकीला सेगमेंटेशन फॉल्ट म्हणतात. प्रोग्रामर मंडळींच्या तोंडी तो नुसता ‘सेगफॉल्ट’ असतो. सी भाषेत पॉइंटर म्हणजे निव्वळ पत्ता. तो पत्ता खरा की खोटा हे भाषा तपासत नाही, त्यामुळे सीच्या प्रोग्रामांच्या वाट्याला हा दोष फार येतो. एखादे फंक्शन स्वतःलाच बोलावत राहिले आणि स्टॅक, म्हणजे चालू फंक्शनांचा हिशेब ठेवणारी मेमरी, संपला, तरी शेवटी घडते तेच: स्टॅकच्या टोकापलीकडचा पत्ता आणि अडवणूक. बहुतेक प्रोग्राम तिथेच संपतात. हा दोष पकडून सावरण्याची प्रथा मात्र युनिक्सच्या अगदी सुरुवातीच्या काळापासून आहे. ती सगळ्या संगणकांवर सारखी चालावी, या खटाटोपाला जवळजवळ तितकीच वर्षे झाली.

दोष पकडायचा तर आधी तो प्रोसेसरच्या लक्षात यायला हवा. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या आणि १९६२ मध्ये सुरू झालेल्या ॲटलस संगणकात मेमरीची ५१२ शब्दांची पाने पाडलेली होती. हवे असलेले पान मुख्य मेमरीत नसले की यंत्र थबके, ते ड्रमवरून आणे आणि थांबलेले काम पुढे चालू करी. म्हणजे अडवणूक ही मुळात शिक्षा नव्हती, ती सोय होती. पुढे मल्टिक्स प्रणालीने मेमरी सेगमेंटांमध्ये विभागली आणि प्रत्येक सेगमेंटला वाचणे, लिहिणे, चालवणे यांची वेगवेगळी परवानगी जोडली. सेगमेंट हा शब्द या काळातला. आजचे प्रोसेसर पानांवरच काम करत असले तरी दोषाच्या नावात तो टिकून राहिला.

बेल लॅब्समध्ये युनिक्स ज्या पीडीपी-११/२० यंत्रावर वाढले, त्यात मेमरीला संरक्षणच नव्हते. एकाचा चुकलेला पॉइंटर सगळ्यांचे काम बुडवू शके. पीडीपी-११/४५ आल्यावर प्रत्येक प्रोग्रामला कुंपण मिळाले आणि कुंपण ओलांडल्याची वर्दी देण्यासाठी युनिक्सने सिग्नल नेमले. दहावा सिगबस, अकरावा सिगसेगव्ही. सिगबस मुख्यतः विषम पत्त्यावरून दोन बाइटांचा शब्द उचलल्यास येई, सिगसेगव्ही कुंपण ओलांडल्यास. या दोन सिग्नलांमधला फरक पीडीपी-११ च्या बांधणीतून आलेला आहे. तो वेगळ्या बांधणीच्या यंत्रांवर तसाच नेला गेला, आणि पुढच्या गोंधळाचे एक मूळ तिथे आहे.

या अडवणुकीचा पहिला ग्राहक खुद्द कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, होता. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत प्रोग्रामचा स्टॅक अपुरा पडून दोष आला, तर कर्नल सिग्नल पाठवण्याआधी स्टॅक वाढवून पाही. वाढवता आला तर अडलेली आज्ञा पुन्हा चालवली जाई आणि प्रोग्रामला काही कळतही नसे. यातली अवघड गोष्ट म्हणजे ‘पुन्हा चालवणे’. पीडीपी-११ ची एकच आज्ञा वाटेत रजिस्टरे बदलून ठेवू शकते. ती आधी पूर्ववत करायला हवीत. ११/४० या स्वस्त यंत्रात अशा बदलांची नोंद ठेवणारे रजिस्टर नव्हते, म्हणून कर्नलला अडलेली आज्ञा स्वतः उलगडून काय बदलले असेल याचा हिशेब मांडावा लागे. ऑस्ट्रेलियातील प्राध्यापक जॉन लायन्स यांच्या १९७० च्या दशकातील प्रसिद्ध भाष्यामुळे हा कर्नल असंख्य विद्यार्थ्यांनी ओळीओळीने वाचला.

कर्नलला जे जमते ते साध्या प्रोग्रामला का जमू नये? १९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीव्ह बोर्न यांच्या शेलने हे करून दाखवले. हा शेल लिहिण्याआधी मेमरी पुरेल का हे पाहतच नसे. तो सरळ लिहीत जाई. हद्द संपून सिगसेगव्ही आला की त्याचा हँडलर, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणारे फंक्शन, कर्नलकडून आणखी मेमरी घेई आणि परते. अडलेली आज्ञा या वेळी पार पडे. युक्ती देखणी होती, पण हँडलर परतल्यावर तीच आज्ञा बिनचूक पुन्हा चालेल या गृहीतावर ती उभी होती. मोटोरोलाच्या ६८००० प्रोसेसरने हे गृहीत मोडले. मेमरीदोषानंतर (बस एरर) ज्या स्थितीतून आज्ञा पुन्हा सुरू करायची ती स्थिती तो पुरती जपत नसे. स्वस्त युनिक्स यंत्रे बांधणाऱ्या कंपन्यांची तेव्हा याच प्रोसेसरवर भिस्त होती, त्यामुळे बोर्न शेल नव्या यंत्रावर नेताना अनेकांना मेमरीचा सगळा भाग नव्याने लिहावा लागला. १९८२ च्या ६८०१० मध्ये मोटोरोलाने ही उणीव भरून काढली. मेमरीदोष पकडणारा सीचा प्रोग्राम स्थलांतरात अडल्याचे हे सर्वांत गाजलेले जुने उदाहरण.

उलट त्रास व्हॅक्स यंत्रांनी दिला. बर्कलीच्या युनिक्समध्ये व्हॅक्सवर शून्य क्रमांकाचा पत्ता वाचता येई आणि तिथे शून्यच सापडे. रिकामा पॉइंटर वाचणारा चुकीचा प्रोग्राम तिथे वर्षानुवर्षे सुखाने चाले आणि सन कंपनीच्या यंत्रावर नेताच कोसळे. दोष जिथे यायला हवा तिथे न येणे हे तो येण्यापेक्षा घातक ठरते, हे त्या पिढीने अनुभवले.

स्टॅक संपण्याचा प्रश्न याहून वेगळा आणि अधिक कठीण. सिग्नलचा हँडलर हेही एक फंक्शनच. त्याला चालायला स्टॅक लागतो. संपला आहे तो नेमका स्टॅकच. विहिरीत पडलेल्याला वर काढायचा दोर विहिरीतच पडावा, तशी ही अडचण. बर्कलीच्याच १९८३ च्या ४.२ बीएसडीने तिच्यावर उपाय दिला: प्रोग्रामने मेमरीचा एक वेगळा तुकडा आधीच राखून ठेवायचा आणि हँडलर त्या पर्यायी स्टॅकवर चालवायचा. हीच सोय पुढे ‘सिगऑल्टस्टॅक’ या नावाने रूढ झाली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या सिस्टिम फाइव्ह या युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीने आणखी एक मोलाची भर घातली. दोष कोणत्या पत्त्यावर घडला हे हँडलरला व्यवस्थित कळू लागले. त्याआधी ते जाणून घ्यायला प्रत्येक यंत्राच्या आतल्या रचनेत हात घालावा लागे.

सी भाषेचे पहिले मानक १९८९ मध्ये आले. त्याने सहा सिग्नल मान्य केले आणि त्यांत सिगसेगव्ही ठेवला, पण खऱ्या दोषाच्या वेळी त्याचा हँडलर परतला तर पुढे काय होईल हे अनिश्चित सोडले. स्टॅक ही कल्पनाच त्या मानकात नाही, मग तो संपण्याबद्दल नियम कुठून असणार? मानकाला वाटेल त्या यंत्रावर लागू व्हायचे होते, तेव्हा हे मौन समजण्यासारखे आहे. त्यामुळे सगळा भार ऑपरेटिंग सिस्टिमवर गेला, आणि प्रत्येक सिस्टिमने आपापली वाट धरली.

याच सुमारास दोष मुद्दाम घडवून आणण्याचे उपयोग पुढे आले. काय ली यांनी येल विद्यापीठात १९८६ च्या प्रबंधात वेगवेगळ्या संगणकांची मेमरी एकच असल्यासारखी वापरण्याची पद्धत मांडली: पान जवळ नसले की दोष येतो आणि हँडलर ते जाळ्यावरून आणतो. अँड्र्यू ॲपेल आणि काय ली यांच्या १९९१ च्या निबंधाने असे उपयोग एकत्र मांडले. निकामी मेमरी गोळा करणाऱ्या यंत्रणेला त्यातला एक फार कामी आला. जुन्या वस्तूंची पाने लिहिण्यासाठी बंद करायची. कुणी त्यांत लिहायला गेले की दोष येतो, हँडलर ‘हे पान बदलले’ अशी नोंद करून ते खुले करतो. पुढच्या वेळी बदललेली पाने तपासली तरी पुरते.

या गरजेतूनच या विषयातले सर्वांत चिकाटीचे काम उभे राहिले. ब्रूनो हाइबल आणि मिखाएल श्टोल या दोघांनी १९८७ मध्ये क्लिस्प ही लिस्प भाषेची प्रणाली अटारी एसटीवर लिहायला घेतली. तो संगणकही ६८००० वरच चालणारा आणि मेमरीला संरक्षण नसलेला. प्रणाली नाना युनिक्सांवर पोचली तेव्हा तिच्या मेमरी-यंत्रणेला लिहिण्याचे दोष पकडणे भाग होते, आणि लिस्पमध्ये फंक्शनने स्वतःला बोलावणे नित्याचे असल्याने स्टॅक संपला तरी वापरणाऱ्याचे काम वाचवणेही भाग होते. त्यासाठीचा भाग हाइबल यांनी वेगळा काढला. तीच जीएनयू लिबसिगसेगव्ही ही लायब्ररी.

तिने झाकलेले फरक पाहिले की कामाचा आवाका कळतो. बंद पानावर लिहिल्यास लिनक्स सिगसेगव्ही पाठवतो, तर जुने मॅक ओएस एक्स सिगबस पाठवी. मॅकचा गाभा असलेल्या माख (Mach) कर्नलमध्ये दोष हा संदेश म्हणून एका पोर्टवर येतो, म्हणून तिथे तो ऐकायला वेगळा थ्रेड लागतो. विंडोज एनटीमध्ये सिग्नलांऐवजी एक्सेप्शनची वेगळीच पद्धत आहे. तिथे स्टॅक संपणे हा स्वतंत्र संकेत असतो, आणि सावरल्यावर स्टॅकच्या टोकाचे पहाऱ्याचे पान पुन्हा बसवले नाही तर पुढच्या खेपेला प्रोग्राम वाचत नाही. युनिक्समध्ये असा वेगळा संकेत नाही. चुकलेला पॉइंटर आणि संपलेला स्टॅक दोन्ही सिगसेगव्ही म्हणूनच येतात.

मग दोहोंतला फरक ओळखायचा कसा? लिबसिगसेगव्ही कर्नलकडून प्रोग्रामच्या मेमरीचा नकाशा मिळवते. लिनक्सवर तो प्रॉक फाइलसिस्टिममध्ये वाचायला मिळतो. स्टॅक आणि त्याच्या अलीकडचा भाग यांच्यामधल्या मोकळ्या जागेत दोषाचा पत्ता पडला आणि तो स्टॅकच्या बाजूच्या अर्ध्या भागात असला, तर स्टॅक संपला असे ती मानते. हा अंदाजच आहे, पण विचारपूर्वक केलेला. हँडलरला ती एक खूणही देते: शून्य म्हणजे सावरता येईल, एक म्हणजे काम जतन करून बाहेर पडावे. हँडलरमधून उडी मारून प्रोग्रामच्या मुख्य वाटेवर परतायचे तर रोखलेले सिग्नल मोकळे करावे लागतात, आणि काही सिस्टिमांना पर्यायी स्टॅक सोडल्याचे सांगावेही लागते. तेही ती करते. जीएनयूच्या एम४ आणि गॉक या प्रोग्रामांनी तिचा आधार घेतला.

पुढेही जमीन सरकत राहिली. लिनक्सने २०१० मध्ये स्टॅकखाली पहाऱ्याचे एकच पान ठेवले होते. ते ओलांडून थेट पलीकडच्या मेमरीत उडी मारता येते हे क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले, आणि ती जागा ४ किलोबाइटवरून १ मेगाबाइट करण्यात आली. दुसरा धक्का प्रोसेसरांनी दिला. इंटेलच्या एव्हीएक्स-५१२ मधली ६४ बाइटांची ३२ रजिस्टरे जपायलाच २०४८ बाइट लागतात, आणि पर्यायी स्टॅकची ठरलेली किमान मर्यादा नेमकी तेवढीच होती. ऑगस्ट २०२१ च्या जीलिबसी या सी लायब्ररीच्या २.३४ आवृत्तीपासून पर्यायी स्टॅकचा शिफारशीचा आकार हा स्थिर आकडा राहिला नाही. तो प्रोग्राम चालताना विचारून घ्यावा लागतो. त्या आकड्यावर बेतलेले जुने प्रोग्राम कंपाइल होईनासे झाले, त्यांत एम४ सुद्धा होता.

पाने मुद्दाम बंद केलेली असतील आणि दोष त्यांच्यावरच आला असेल, तर सावरून पुढे जाणे योग्य आणि सुरक्षित. अनपेक्षित दोषानंतर मात्र मेमरीत काय बिघडले आहे याची खात्री नसते. तिथे काम जतन करून, नीट संदेश देऊन थांबणे हाच शहाणपणा. सीच्या मानकाच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीतही सिगसेगव्हीच्या हँडलरचे परतणे अनिश्चितच ठेवले आहे.