संशयावरची कैद आणि नागरिकांचं काम

सुरक्षेचे कायदे आणि नागरिकांचं स्वातंत्र्य हा विषय एका तासात मावणारा नाही. म्हणून आज आपण त्यातला एकच धागा धरू, तो म्हणजे प्रतिबंधक स्थानबद्धता. माणसानं काय केलं म्हणून नव्हे, तर तो पुढं काय करील या संशयावर त्याला तुरुंगात ठेवणं. हा अधिकार सरकारकडे कसा आला, कसा टिकला आणि नागरिकांनी त्याला आवर घातला तो कशानं, एवढंच पाहायचं.

सुरुवात पुण्यापासूनच होते. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढच्या काही आठवड्यांत सरकारनं दोन प्रकारच्या अटका केल्या. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला आणि त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. तो खटला न्याय्य होता का, हा वाद वेगळा. पण आरोप होता, वकील होता, न्यायासन होतं आणि शिक्षा कधी संपणार हे ठाऊक होतं. सरदार नातू बंधूंच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. त्यांना १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन २५ खाली उचललं आणि खटल्याशिवाय ठेवलं. ब्रिटिश संसदेत पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले गेले, तेव्हा कुठं १८९९ मध्ये ते सुटले. या दोन अटकांमधला फरक मनात पक्का ठेवू. आजचा सगळा विषय त्यात आहे.

आता सरकारची बाजूही नीट ऐकली पाहिजे. खून होईपर्यंत थांबायचं का, असा प्रश्न सरकार विचारतं, आणि तो पोकळ नाही. जीवच सुरक्षित नसेल तर बाकीच्या हक्कांना अर्थ उरत नाही, हे हॉब्जपासून आपण शिकवत आलो. स्वतंत्र भारताच्या नेत्यांनाही हाच प्रश्न पडला. यातले कित्येक जण स्वतः इंग्रजांच्या तुरुंगात बिनखटल्याचे राहून आलेले. ज्या काँग्रेसनं १९१९ च्या रौलट कायद्याविरुद्ध देश उठवला, ज्या नेहरूंनी १९३६ मध्ये नागरी स्वातंत्र्य संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला, त्यांच्याच सरकारनं फेब्रुवारी १९५० मध्ये, म्हणजे राज्यघटना लागू होऊन महिनाही झाला होता न झाला होता तेव्हा, प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा आणला. विधेयक मांडताना आपल्या दोन रात्री झोपेविना गेल्या, असं सरदार पटेलांनी सांगितलं. त्यावर आपण विश्वास ठेवू. फाळणीची जखम ताजी होती, तेलंगणात सशस्त्र लढा चालू होता.

पण पुढं काय झालं पाहा. कायदा एका वर्षापुरता होता. मुदत वाढत गेली आणि तो १९६९ च्या अखेरपर्यंत चालला. मुदत आहे म्हणजे कायदा आपोआप संपेल, हा भाबडेपणा आहे. १९७१ मध्ये ‘मिसा’ आला. आणीबाणीत, शहा आयोगाच्या नोंदींप्रमाणे, त्याखाली सुमारे ३५ हजार माणसं आत गेली. समाजवादी, संघाचे, मार्क्सवादी, सगळे एकाच आवारात.

नऊ उच्च न्यायालयांनी या कैद्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं असं ठरवलं. त्यात आपलं मुंबईचंही होतं. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ४ विरुद्ध १ मतांनी ते फिरवलं. एखाद्या पोलिसानं वैरापोटी माणूस मारला तरी दाद नाही का, असं सुनावणीत न्यायमूर्ती खन्नांनी विचारलं होतं. आणीबाणी आहे तोवर नाही, असा सरकारी वकिलांच्या उत्तराचा आशय होता. विरोधी मत एकट्या खन्नांचं. पुढं सरन्यायाधीशपद त्यांच्या हातून गेलं.

मग नागरिकांनी काय केलं? दोन उदाहरणं मुंबईचीच घेऊ. वकिलांनी एक खासगी सभा ठरवली. विषय घटना आणि कायद्याचं राज्य, वक्ते एम. सी. छागला. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. वकील न्यायालयात गेले आणि जिंकले. मिनू मसानींनी ‘फ्रीडम फर्स्ट’मधला मजकूर सेन्सॉरनं अडवला म्हणून दावा लावला, तोही फेब्रुवारी १९७६ मध्ये जिंकला. यात शिकण्यासारखं काय? ‘हुकूमशाही मुर्दाबाद’ अशी मागणी त्यांनी न्यायालयात केली नाही. ही सभा, हा लेख, हा हुकूम आणि हुकमाचा हा आधार, एवढ्यावरच बोट ठेवलं. नेमक्या प्रश्नाला सरकारला नेमकं उत्तर द्यावं लागतं. दुर्गाबाई भागवतांनी कऱ्हाडच्या संमेलनात उघड बोलून अटक ओढवून घेतली, तेही हवंच होतं. त्यानं लोकांची भीती मोडली. पण भीती मोडणं आणि हुकूम मोडून काढणं ही दोन कामं आहेत, आणि दोन्हींना माणसं लागतात.

तिसरं काम सर्वांत अवघड. आपल्याला न पटणाऱ्या माणसासाठी उभं राहणं. जयप्रकाशांनी १९७६ मध्ये नागरी हक्कांसाठी संघटना काढली, तिचे अध्यक्ष सासवडचे वि. म. तारकुंडे. स्वतः रॉयवादी, हिंसेचे विरोधक. पण आंध्रात नक्षलवादी म्हणून मारल्या गेलेल्या तरुणांच्या ‘चकमकी’ खऱ्या होत्या का, याची चौकशी १९७७ मध्ये त्यांच्याच समितीनं केली. उलट, जनता सरकार आल्यावर आपलं राज्य आलं म्हणून अनेक जण घरी बसले आणि संघटना मंदावली. १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला, त्याच वर्षी तिला नव्यानं उभं राहावं लागलं.

त्या निर्धास्तपणाची किंमत आजही आपण मोजतो. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाही, अशी तरतूद केली. मोठा विजय. त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम होतं. सल्लागार मंडळाच्या मताशिवाय स्थानबद्ध ठेवण्याची मुदत तीनऐवजी दोन महिने, आणि मंडळाची रचना उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीनं. संसदेनं ते मंजूर केलं. फक्त ते कधी लागू करायचं, ही तारीख सरकारवर सोपवली. ती तारीख आजवर उजाडलेली नाही. १९८१ मध्ये खासदार ए. के. रॉय यांच्या खटल्यात, सरकारला तशी सक्ती करता येणार नाही, असं न्यायालयानं बहुमतानं ठरवलं. मंजूर झालेली सुधारणा तशीच पडून आहे, आणि तिची आठवण किती जणांना आहे?

याच्या उलट ‘टाडा’ पाहा. त्यालाही मुदत होती. पण १९९५ पर्यंत कार्यकर्त्यांनी, वकिलांनी आकडे समोर आणले होते : ७५ हजारांहून जास्त अटका, शिक्षा नगण्य. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षांनी खासदारांना पत्रं लिहिली. त्या वेळी मुदतवाढ मिळाली नाही. मुदत १९५० च्या कायद्यालाही होती. फरक पडला तो मोजदाद ठेवल्यामुळं.

अगदी अलीकडं, महाराष्ट्राच्या विशेष जनसुरक्षा विधेयकावर १२ हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या. संयुक्त समितीनं सल्लागार मंडळाची रचना आणि तपास अधिकाऱ्याचा दर्जा बदलला. जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर झालंच, आणि व्याख्या सैल असल्याची तक्रार उरलीच. तरी हरकती वाया गेल्या असं आपण म्हणणार नाही. पण इथून पुढं किती संघटनांवर बंदी आली, कोणत्या कारणानं, मंडळानं किती प्रकरणं फेटाळली, ही वही कोणी ठेवायची? सरकार ती आपणहून ठेवून आपल्या हाती देणार नाही.

आपल्यापैकी पाच-सात जण महिन्यातून एकदा बसले तरी हे काम होतं. माहितीचा अधिकार आहे, विधिमंडळात प्रश्न विचारणारे आमदार आहेत. नातू बंधूंना सोडवताना तरी काय होतं? कोणीतरी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिलं होतं. राहिलेलं प्रश्नोत्तरांत बोलू.