ठिणगीची परीक्षा

मोटारगाडीच्या इंजिनांत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचें मिश्रण भरलें, दट्ट्यानें तें दाबलें, तरी तेवढ्यानें चाक फिरत नाहीं. त्या मिश्रणाला आग लागावी लागते, आणि तीहि नेमक्या क्षणीं. ही आग लावणारी ठिणगी ज्या तारेच्या वेटोळ्यांतून जन्म घेते त्याला इंग्रजींत 'इग्निशन कॉइल' म्हणतात. मोटार दुरुस्त करणाऱ्या कारागिरांच्या तोंडीं 'कॉइल' हेंच नांव मराठींतहि रूढ होऊन बसलें आहे. कॉइल बिघडली कीं गाडी अडते, किंवा लंगड्या घोड्याप्रमाणें अडखळत चालते. परंतु ती बिघडली आहे हें ओळखावें कसें? चाकांतील हवा गेली तर डोळ्यांना दिसतें, पेट्रोल संपलें तर टांकींत काठी घालून कळतें. कॉइल मात्र चांगली असो वा वाईट असो, बाहेरून सारखीच दिसते. या अदृश्य गुणदोषांची परीक्षा घेण्याचे जे उपाय गेल्या दोन शतकांत माणसानें योजले, त्यांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. आणि त्यांतला बराच भाग घरच्या गाडीखान्यांत घडलेला आहे.

या इतिहासाचा आरंभ २९ ऑगस्ट १८३१ रोजीं लंडनमध्यें झाला. मायकेल फॅरडे यानें त्या दिवशीं एका लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारेचीं दोन वेगळीं वेटोळीं गुंडाळलीं. एक वेटोळें त्यानें बॅटरीला जोडलें. दुसऱ्या वेटोळ्याच्या तारेजवळ ठेवलेली चुंबकसूची बॅटरी जोडतांना क्षणभर हलली, मग स्वस्थ झाली, आणि बॅटरी तोडतांना पुन्हां हलली. प्रवाह अखंड वाहत असतांना तिनें कांहींच हालचाल केली नाहीं. प्रवाहांत बदल झाला तरच शेजारच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, हा सिद्धांत यांतून निघाला. पहिल्या वेटोळ्यांत जाड तारेचे थोडे वेढे आणि दुसऱ्यांत केसासारख्या बारीक तारेचे हजारों वेढे घेतले, तर पहिल्यांतील प्रवाह एकाएकीं तोडतांच दुसऱ्यांत प्रचंड दाबाची वीज उसळते. मोटारीची कॉइल अजूनहि याच तत्त्वावर चालते.

हें तत्त्व व्यवहाराच्या दिशेनें पुढें नेणाऱ्यांमध्यें निकोलस कॅलन हा एक धर्मोपदेशक होता. डब्लिनजवळच्या मेनूथ येथील धर्मविद्यालयांत तो पदार्थविज्ञान शिकवीत असे. १८३६ सालीं त्यानें आपलें प्रवर्तन-वेटोळें तयार केलें. यंत्र तयार झालें, पण त्याची शक्ति मोजावी कशानें? असा मोठा विद्युद्दाब मोजणारें साधन त्या काळीं कोठेंच नव्हतें. कॅलननें जवळ असलेलें एकच साधन वापरलें, आणि तें म्हणजे मनुष्यदेह. विद्यार्थ्यांनीं एकमेकांचे हात धरून सांखळी करावी आणि तिच्यांतून धक्का जाऊं द्यावा, अशी त्याची रीत होती. मेनूथमध्यें अशी कथा सांगत कीं, पुढें डब्लिनचा आर्चबिशप झालेला विल्यम वॉल्श हा विद्यार्थिदशेंत अशाच एका धक्क्यानें बेशुद्ध पडला, आणि मग वरिष्ठांनीं विद्यार्थ्यांवर प्रयोग करण्यास मनाई केल्यामुळें कॅलनला टर्की कोंबड्यांकडे वळावें लागलें. कथेंतला तपशील कमीजास्त असेल. परंतु कॉइलची पहिली परीक्षा माणसाच्या स्नायूंनीं दिली, हें खरें.

पुढच्या पिढींत ही परीक्षा देहावरून डोळ्यावर आली. हॅनोव्हरचा हाइनरिख रुमकोर्फ यानें पॅरिसमध्यें उपकरणांचें दुकान थाटलें होतें. त्याच्या कारागिरींत तारेचे वेढे इतक्या काळजीनें एकमेकांपासून अलग राखलेले असत कीं, त्याच्या वेटोळ्यांतून निघणारी ठिणगी फूटभराहून लांब उडूं लागली. १८५३ सालीं फिझो यानें प्रवाह तोडणाऱ्या टोंकांना समांतर असा एक संग्राहक, म्हणजे कंडेन्सर, जोडण्याची युक्ति काढली. प्रवाह तोडतांना त्या टोंकांवरच ठिणगी पडून शक्ति वायां जात असे. ती शक्ति कंडेन्सर आपल्या पोटांत घेतो, प्रवाह तडकाफडकीं तुटतो, आणि दुसऱ्या वेटोळ्यांतला दाब वाढतो. आतां परीक्षा सोपी झाली. ठिणगी जितकीं बोटें लांब, तितकी कॉइल बलवान. सम्राट तिसरा नेपोलियन यानें रुमकोर्फला ५०,००० फ्रँकांचें पारितोषिक दिलें आणि वेटोळ्यालाहि त्याचें नांव पडलें. कॅलन १८६४ सालीं निवर्तला तेव्हां त्याचें कार्य बाहेरच्या जगांत फारसें कोणास ठाऊक नव्हतें. त्याचें श्रेय पुढें विसाव्या शतकांत उजेडांत आलें.

१८६० सालीं लन्वार यानें पॅरिसमध्यें आपलें गॅसवर चालणारें इंजिन पुढें आणलें आणि त्यांतली आग पेटविण्यासाठीं रुमकोर्फचें वेटोळें घेतलें. प्रयोगशाळेंतलें उपकरण अशा रीतीनें कारखान्यांत आलें. कार्ल बेंझ यानें २९ जानेवारी १८८६ रोजीं ज्या तीनचाकी गाडीच्या पेटंटासाठीं अर्ज केला, तिच्यांतहि बॅटरी व कॉइल यांचीच ठिणगी होती. गॉटलीब डायमलर हा त्याच सुमारास तापवून लाल केलेल्या नळीनें आग लावीत असे. ती पद्धति पुढें मागें पडली. ऑगस्ट १८८८ मध्यें बेंझची पत्नी बेर्था ही आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत, म्हणजे शंभर किलोमीटरांहून अधिक वाट, त्या गाडींतून गेली. वाटेंत इंधनाची नळी तुंबली ती तिनें टोपीच्या टांचणीनें मोकळी केली, आणि ठिणगीच्या तारेचें आवरण झिजलें तेव्हां मोज्याचा बंद काढून त्यावर गुंडाळला. कारखान्याबाहेर ठिणगीचा दोष हुडकून तो दूर करणाऱ्यांच्या मालिकेंत पहिलें प्रसिद्ध नांव अशा रीतीनें एका गृहिणीचें आहे.

परंतु ही विद्या घरोघर पोहोंचविली ती हेन्री फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीनें. १९०८ पासून १९२७ पर्यंत या गाड्या दीड कोटींहून अधिक निघाल्या. त्यांतल्या कितीतरी अशा शेतकऱ्यांच्या आणि गांवच्या डॉक्टरांच्या हातीं पडल्या, कीं ज्यांना जवळपास यंत्रकारागीर मिळणें दुर्लभ होतें. या गाडींत चार सिलिंडरांसाठीं चार स्वतंत्र कॉइल होत्या. प्रत्येक कॉइल डांबरासारख्या द्रव्यानें भरलेल्या लहानशा लांकडी पेटींत बसविलेली असे, आणि चारी पेट्या चालकासमोर एका मोठ्या डब्यांत ओळीनें ठेवलेल्या असत. प्रत्येक पेटीच्या माथ्यावर पोलादाची एक पातळ पट्टी असे. प्रवाह सुरू झाला कीं आंतला लोखंडी गाभा चुंबक होऊन ती पट्टी खालीं ओढी. त्यासरशी प्रवाह तुटे, चुंबकत्व जाई, आणि पट्टी परत वर येई. हें सेकंदांत अनेक वेळां घडत असल्यामुळें पेटीतून भुंग्यासारखा गुंजारव ऐकूं येई.

या गुंजारवानें परीक्षा आतां कानावर आणि बोटांवर आली. इंजिन लंगडूं लागलें तर मालकानें काय करावें, हें फोर्डच्या पुस्तिकेंतच सांगितलेलें असे. डब्याचें झांकण काढावें आणि इंजिन चालू असतांनाच पहिल्या व चौथ्या पेटीच्या पट्ट्या बोटांनीं दाबून धराव्या, म्हणजे त्या दोन सिलिंडरांची ठिणगी बंद होते. त्या इंजिनांत सिलिंडर पेटण्याचा क्रम एक, दोन, चार, तीन असा होता. म्हणून दुसरा व तिसरा हे दोनच उरले तरी त्यांचे ठोके सारख्या अंतरानें पडत आणि कानाला चटकन् पारख होई. ते दोन नीट चालले तर दोष पहिल्यांत किंवा चौथ्यांत आहे. मग चौथ्याची पट्टी सोडून बाकीच्या तीन दाबाव्या. चौथा एकटा नियमितपणें चालला तर अपराधी पहिला ठरला. एवढ्यानें सिलिंडर सांपडला. परंतु दोष पेटीचा कीं प्लगचा? त्यासाठीं पहिल्या व तिसऱ्या पेटीची अदलाबदल करावी. लंगडेपणा पेटीबरोबर तिसऱ्या सिलिंडराकडे गेला तर पेटी वाईट. तो पहिल्यांतच राहिला तर प्लग, तार किंवा दुसरें कांहीं पाहावें. उपकरण एकहि नको, खर्च कांहीं नाहीं, आणि विचार मात्र वैद्यकांतल्या निदानासारखा शुद्ध.

तथापि या घरगुती परीक्षेला मर्यादा होती, आणि ती न ओळखल्यानें पुष्कळांची फसगत होई. गुंजारव ऐकूं आला म्हणजे पेटी चांगली, असा मालकाचा समज होई. पट्टी कंप पावते याचा अर्थ पहिल्या वेटोळ्यांत प्रवाह जातो, इतकाच. आंतला कंडेन्सर निकामी झाला असेल, किंवा लांकडांत ओल शिरून वीज पाझरत असेल, तरी गुंजारव होतच राहतो. ठिणगी मात्र दुबळी पडते. उलट पट्टीचा ताण चुकला तर एकाच्या जागीं दोन ठिणग्या पडतात, आणि दुसरी वेळ चुकवून पडते. ही गोष्ट कानाला कळत नाहीं. म्हणून फोर्डच्या विक्रेत्यांकडे हातानें फिरविण्याचें एक परीक्षायंत्र ठेवलेलें असे. त्याच्या एका फेऱ्यांत वर्तुळावर सोळा ठिणग्या दिसाव्या लागत आणि कांटा सुमारे १.३ अँपिअरवर स्थिर राहावा लागे. सोळांत एक कमी पडली, किंवा एके ठिकाणीं दोन उमटल्या, कीं पट्टी पुन्हां जुळवावी. कोठला अवयव आजारी आहे हें मालक घरीं ओळखूं शके. तो किती आजारी आहे हें मात्र यंत्रच सांगे. घरच्या विद्येची आणि तज्ज्ञाच्या विद्येची सीमा येथें स्पष्ट दिसते.

या पेट्यांचा आणखी एक उपयोग रेडिओच्या श्रोत्यांना विशेष वाटेल. अमेरिकेंतील हौशी तरुण भंगारांतून फोर्डच्या पेट्या आणीत आणि त्यांच्या ठिणगीवर घरच्या घरीं बिनतारी संदेश पाठवीत. मोटारीच्या कॉइलची परीक्षा घेतां घेतां कित्येकांचा आकाशवाणीच्या विद्येंत प्रवेश झाला.

दरम्यान ओहायो राज्यांतील डेटन येथें चार्लस केटरिंग यानें एका धान्याच्या कोठारांत सहकाऱ्यांसह काम करून निराळी रचना सिद्ध केली. कंपणाऱ्या चार पट्ट्यांच्या ऐवजीं एकच कॉइल, आणि प्रत्येक वेळीं नेमकी एकच ठिणगी. कॅडिलॅक कंपनीनें अशा ८,००० संचांची मागणी केली आणि १९१० च्या गाड्यांत ते बसविले. केटरिंगची संस्था पुढें जनरल मोटर्समध्यें सामील झाली. त्याच जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईत शिवडी येथें मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला आणि तेथून शेव्हरोले गाड्या हिंदुस्थानच्या रस्त्यांवर येऊं लागल्या. गुंजारव थांबला. आतां मालक कॉइलची जाड तार प्लगवरून काढून इंजिनाच्या लोखंडापासून पाव इंच अंतरावर धरी व ठिणगीचा रंग पाही. निळी आणि कडाडणारी ठिणगी चांगली, पिवळसर व क्षीण ठिणगी वाईट, हा नियम कित्येक दशकें चालला.

१९७० नंतर इलेक्ट्रॉनिक साधनांनीं प्रवाह तोडण्याचें काम हातीं घेतलें, आणि पुढें प्रत्येक प्लगच्या माथ्यावर स्वतंत्र कॉइल बसूं लागली. म्हणजे फोर्डच्या चार पेट्याच नव्या रूपांत परत आल्या. मात्र यांतील विद्युद्दाब वीस ते चाळीस हजार व्होल्टपर्यंत चढतो. हातांत तार धरून ठिणगी पाहण्याची जुनी रीत येथें जिवावर बेतूं शकते. शिवाय ठिणगीला वाट न मिळाल्यास कॉइलचें आंतलें आवरणच फुटतें. घरीं करण्याजोगी निर्धोक परीक्षा म्हणजे इंजिन बंद करून, कॉइल सोडवून, ओहममापकानें तिचा रोध पाहणें. पहिल्या वेटोळ्याचा रोध फार तर थोडे ओहम भरतो, दुसऱ्याचा हजारों ओहम. तार तुटली असेल तर हें मापक तत्काळ सांगतें. परंतु गाडी तापल्यावर आवरणांतून वीज झिरपत असेल तर थंड कॉइल या परीक्षेंत निर्दोष ठरते. फोर्डच्या गुंजारवाप्रमाणेंच हेंहि अर्धसत्य आहे.

मग पूर्ण सत्य कसें कळावें? १९९६ पासून अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या मोटारींत दोष टिपून ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली, आणि अमुक सिलिंडरांत आग लागली नाहीं असें ती संकेतांकानें सांगते. परंतु दोष कॉइलचा कीं प्लगचा, हें तीहि निश्चित सांगत नाहीं. तेव्हां जाणता मनुष्य इंजिन बंद करून त्या सिलिंडराची कॉइल काढतो, शेजारच्या कॉइलशीं तिची अदलाबदल करतो, आणि संकेतांक कोणाच्या मागें जातो तें पाहतो. शंभर वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यानें आपल्या 'मॉडेल टी'च्या डब्याशीं वांकून केलें तें हेंच.

कॅलनच्या विद्यार्थ्यांचे हात, रुमकोर्फच्या ठिणगीची लांबी, फोर्डच्या पेटीचा गुंजारव, ओहममापकाचा कांटा, हीं सर्व साक्षीदारांचीं नांवें आहेत; प्रत्येकाची साक्ष थोडी खरी आणि थोडी अपुरी. संशयिताला त्याच्या जागेवरून हलवावें आणि दोष त्याच्याबरोबर हलतो का तें पाहावें, ही युक्ति मात्र कोणत्याहि उपकरणावर अवलंबून नाहीं. यंत्रें बदललीं, वीज वाढली, पेट्यांचें लांकूड जाऊन त्यांच्या जागीं राळ आली. घरांतल्या माणसाच्या हातीं राहिली ती ही एक रीत, आणि अडलेली गाडी अजूनहि पुष्कळदां तिच्याच जोरावर घरीं परत येते.