गोठ्यातलं ऑफिस आणि १८७९ चा कायदा

आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, एक प्रश्न मला सारखा ऐकू येतो. वस्तीवर जुना गोठा रिकामा पडलाय. जनावरं विकली, पण भिंती आणि पत्रे चांगले आहेत. नेटही येतं. त्यात चार टेबलं टाकून ऑफिस काढलं तर चालेल का?

प्रश्न आजचा आहे, पण उत्तराची सुरुवात होते दीडशे वर्षांपूर्वी.

मे १८७५. सुपे गावात शेतकरी सावकारांवर उठले. आपल्या पारनेरचं सुपा नव्हे हं, हे पुणे जिल्ह्यातलं, बारामतीजवळचं सुपे. ते लोण लगेच आपल्याकडे आलं: पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत. लोकांनी सावकारांकडचे कर्जरोखे हिसकावले आणि जाळले. इंग्रज सरकार हादरलं. चौकशी झाली आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला.

शाळेच्या पुस्तकात आपण एवढंच वाचतो. पण त्याच १८७९ साली आणखी एक कायदा झाला, मुंबई जमीन महसूल संहिता. तिच्या कलम ६५ मध्ये म्हटलं होतं की शेतीसाठी जमीन धारण करणारा माणूस तिथे विहीर, तळं आणि शेतीच्या इमारती बांधू शकतो. दुसरं काहीही करायचं असेल, तर आधी कलेक्टरची परवानगी घ्यायची. आणि न घेतली तर? कलम ६६ नुसार दंड तर होताच, शिवाय कलेक्टर त्या माणसाला त्या जागेवरूनच नाही, तर अख्ख्या सर्व्हे नंबरवरून काढू शकत होता.

एवढी कडक शिक्षा कशासाठी? सुपीक जमीन वाचवायला? नाही. सरकारचं लक्ष साऱ्यावर होतं. शेतीचा सारा एका हिशोबाने लागायचा आणि घर, दुकान, गिरणी यांचा वेगळ्या. जमिनीचा वापर बदलला की आकारणी बदलायची, म्हणून सरकारला ते आधी कळायला हवं होतं. आपण ज्याला 'एनए' किंवा बिगरशेती म्हणतो, त्याचं मूळ इथे आहे.

आता पन्नासेक वर्षं पुढे येऊ. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं आणि प्रवरेच्या कालव्यांना भरवशाचं पाणी मिळालं. ऊस वाढला. पाण्याची पाळी रात्री-अपरात्री यायची, जनावरंही मळ्यातच. मग माणसं गावठाण सोडून शेतावर राहायला लागली. "कुठं राहता?" "वस्तीवर." आपल्याकडचं हे नेहमीचं उत्तर अशा शेतीतून आलंय.

स्वातंत्र्यानंतर १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली. तिने 'शेत इमारत' कशाला म्हणायचं ते नीट लिहून ठेवलं: अवजारं, खत, वैरण किंवा पीक ठेवण्याची जागा, जनावरांचा निवारा, धारकाच्या कुटुंबाचं, गड्यांचं किंवा कुळांचं राहणं, आणि शेतीच्या व्यवस्थेचाच भाग असलेलं दुसरं काही. म्हणजे गोठा बसतो, वस्तीवरचं घर बसतं. दुसऱ्यांच्या कंपनीचे हिशोब करणारं ऑफिस बसत नाही.

त्याच १९६६ साली नगररचना कायदाही झाला, ज्याला सगळे 'एमआरटीपी' म्हणतात. त्याचा प्रश्न वेगळा होता: या ठिकाणी हा वापर योग्य आहे का? या कायद्यात 'विकास' म्हणजे फक्त बांधकाम नाही. इमारतीच्या वापरात मोठा बदल केला, तर तोही विकासच. म्हणून "एक वीटसुद्धा हलवली नाही साहेब" हे उत्तर पुरत नाही.

पुढे सवलती आल्या. १९९४ मध्ये खऱ्याखुऱ्या उद्योगासाठी काही अटींवर आधीच्या एनए परवानगीची गरज काढली. त्या उद्योगाचं स्वतःचं ऑफिसही त्यात धरलं. २०१४ पासून विकास आराखडा असलेल्या भागात नियम सैल झाले. २०१७ मध्ये गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतची जमीन, प्रादेशिक योजनेत ती विकासयोग्य विभागात असेल तर, कर भरून बिगरशेती मानायचं ठरलं.

पण इथेच आपल्या जिल्ह्याची गोची आहे. वस्ती असते मळ्यात. गावठाणापासून एक-दोन किलोमीटर लांब, तेही शेती विभागात. म्हणजे २०० मीटरची सवलत गावाला मिळते, वस्तीला नाही. जे लोक शेतीसाठीच गावाबाहेर गेले, त्यांचाच गोठा तिच्या बाहेर राहतो.

इंग्लंडने काय केलं बघा. तिथे २०१३ पासून शेतीच्या जुन्या इमारतीत ५०० चौरस मीटरपर्यंत ऑफिस किंवा दुकान काढायला पूर्ण नियोजन परवानगी लागत नाही. १५० चौरस मीटरपर्यंत तर फक्त कळवायचं. २०२४ मध्ये ५०० ची मर्यादा १००० केली. अट एक, इमारत आधीपासून खरोखर शेतीच्या वापरात असली पाहिजे. 'ऑफिस करायचंच आहे, आधी गोठा दाखवू' ही पळवाट त्यामुळे बंद होते.

मला वाटतं, आपल्याकडेही तशी लहान मर्यादा असायला हवी. पण सगळंच मोकळं सोडा, असं मी म्हणणार नाही. शिर्डी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मळे कसे कमी होत गेले, ते आपण बघतोय. साऱ्याचा प्रश्न पैसे भरून मिटतो. एकदा काँक्रीटखाली गेलेली बागायत पैसे भरून परत येत नाही.

तोपर्यंत तुम्ही काय करायचं? घरात बसून लॅपटॉपवर काम करणं वेगळं आणि बोर्ड लावून आठ माणसं बसवणं वेगळं. दुसरं करायचं असेल, तर रंगकामाच्या आधी सातबारा घ्या आणि नगररचना कार्यालयातून त्या गटाचा झोन दाखला काढा. तलाठ्याचं "काही होत नाही" यावर विसंबू नका. आणि वीज! शेतीपंपाच्या कनेक्शनवर ऑफिस चालवलं, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार दुप्पट दराने आकारणी होते. मीटर वेगळं घ्या.

तुमच्या वस्तीवरच्या रिकाम्या गोठ्याचं काय चाललंय, ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!