‘सावित्रीचं’ म्हणजे किती बाइट?

बिट म्हणजे शून्य किंवा एक. आठ बिटांचा एक बाइट. आपल्या शाळेत हे शिकवायला संगणकच नव्हता, मी शिकलो महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागल्यावर. ‘बिट’ हा शब्द क्लॉड शॅननच्या १९४८ च्या निबंधातून रूढ झाला, ‘बाइट’ आयबीएमच्या वेर्नर बुखहोल्ट्स यांनी १९५६ मध्ये काढला. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं. मराठीचं काय?

१९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक झालं. पुण्याच्या सी-डॅकचा त्यात मोठा वाटा. त्यात व्यंजन, काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, प्रत्येकाला एक बाइट. म्हणजे ‘सावित्रीचं’ १० बाइटांचं. आज यूटीएफ-८ मध्ये तोच शब्द ३० बाइट खातो.

हार्ड डिस्कला त्याचं काही नाही. एसएमएस मात्र १४० बाइटांचाच. सात बिटांची इंग्रजी अक्षरं त्यात १६० बसतात, दोन बाइटांची मराठी चिन्हं फक्त ७०. पावसाळ्यात आम्ही कामगारांना निरोप धाडतो: ‘सावित्रीचं पाणी वाढतंय. दुसरी पाळी बंद. घरून निघू नका.’ मोकळ्या जागा धरून ५४. ‘पोलादपूर रस्ता बंद.’ जोडलं की ७४, आणि पैसे दोन एसएमएसचे.

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणं स्वस्त पडतं. पण जुलै २०२१ च्या पुरानंतर मी ते सोडलं. पाणी दारात असताना कुणी स्पेलिंग जुळवत बसू नये. त्यापेक्षा चारही पूर्णविराम गाळतो. बरोब्बर ७० होतात. मराठीच्या बाईंनी तेवढं चालवून घ्यावं.