हौशी शिडाच्या शर्यती : नियम, साहित्य आणि सुरक्षितता यांचा ऐतिहासिक वेध (१८८७–१९७९)

१. प्रस्तावना

‘हौसेला मोल नसते’ अशी मराठीत म्हण आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ही म्हण जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. प्रत्येक हौसेचे मोल कोणीतरी, कधीतरी चुकते केलेले असते. ते कधी पैशाच्या रूपाने, कधी श्रमाच्या, तर क्वचित प्राणांच्याही रूपाने द्यावे लागते. शिडाच्या होड्यांच्या हौशी शर्यतींचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. हौशी रंगभूमीवरील नट ज्याप्रमाणे दिवसा कचेरीत काम करून रात्री तालमीला उभा राहतो, त्याचप्रमाणे या खेळातील बहुसंख्य खेळाडू आठवडाभर आपापला व्यवसाय सांभाळून सुटीच्या दिवशी समुद्रावर उतरत आले आहेत. रंगमंचावर चूक झाली तर प्रयोग पडतो. समुद्रावर चूक झाली तर माणूस परत येत नाही, एवढाच काय तो फरक.

प्रस्तुत लेखात प्रामुख्याने ब्रिटन व आयर्लंड येथील हौशी शर्यतींच्या वाटचालीचा विचार केला आहे. शिडे, डोलकाठ्या, होडीचे घाट व सुरक्षेची साधने यांत झालेले बदल हे केवळ विज्ञानाच्या प्रगतीचे फलित नसून शर्यतीच्या नियमांनी त्यांना दिशा दिली, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. या खेळाचे दोन प्रवाह मानता येतात. पहिला डिंगी या लहान, उघड्या होड्यांचा आणि दुसरा खोल समुद्रात जाणाऱ्या मोठ्या नौकांचा. दोन्ही प्रवाहांनी ‘सर्वांना समान संधी कशी द्यावी’ या एकाच प्रश्नाची भिन्न उत्तरे शोधली आणि त्या उत्तरांचे परिणामही भिन्न झाले.

२. एकसारख्या होड्यांची कल्पना

एकोणिसाव्या शतकातील शिडाच्या शर्यती हा मुख्यतः धनिकांचा खेळ होता. नौकेचा मालक उमराव किंवा उद्योगपती असे, तर शिडे ओढणारे हात बहुधा पगारी खलाशांचे असत. ज्याची थैली मोठी त्याची नौका नवी, आणि ज्याची नौका नवी त्याचा विजय, असा सर्वसाधारण क्रम होता.

या क्रमाला पहिला पद्धतशीर छेद डब्लिनजवळच्या किनाऱ्यावर गेला. १८८७ मध्ये थॉमस मिडलटन यांच्या पुढाकाराने ‘वॉटर वॅग’ या वर्गाची स्थापना झाली. सर्व होड्या एकाच आराखड्याच्या असाव्यात, म्हणजे शर्यत पैशाची न राहता कौशल्याची होईल, असा त्यामागील साधा विचार होता. एकाच आराखड्याच्या होड्यांचा जगातील सर्वांत जुना वर्ग म्हणून आज त्याची नोंद केली जाते. ‘हौशी’ या शब्दाला येथे प्रथमच तांत्रिक आधार मिळाला असे म्हणता येईल.

तथापि सर्वांनाच एकसारखेपणा मान्य नव्हता. १४ फुटी डिंगीच्या वर्गात ठरावीक मर्यादा पाळून आराखड्यात बदल करण्याची मुभा होती. त्या मुभेचा सर्वांत प्रभावी उपयोग अफा फॉक्स यांनी केला. १९२८ मध्ये त्यांच्या ‘अ‍ॅव्हेंजर’ या होडीने प्रिन्स ऑफ वेल्स चषक जिंकला. तिच्या तळाचा पुढील भाग इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा निमुळता व मागील भाग सपाट होता. पुरेसा वारा मिळताच ही होडी पाणी कापत जाण्याऐवजी पाण्यावर उचलली जाऊन घसरत जाई. होडीच्या वेगाला तिच्या लांबीने घातलेली मर्यादा अशा रीतीने ओलांडली गेली.

१९३८ मध्ये त्याच चषकासाठी पीटर स्कॉट व जॉन विंटर यांनी ‘थंडर अँड लाइटनिंग’ या होडीवर ट्रॅपीझचा वापर केला. डोलकाठीच्या वरच्या भागातून आलेल्या तारेला कंबरपट्टा अडकवून सहकाऱ्याने होडीच्या काठावर पाय रोवायचे आणि सर्व शरीर पाण्यावर झुकवून होडीचा तोल सांभाळायचा, अशी ही योजना होती. ती शर्यत त्यांनी जिंकली आणि लवकरच त्या वर्गात ट्रॅपीझवर बंदी आली. पुढे अनेक दशकांनी ही बंदी उठली आणि आज तेच साधन अनेक वर्गांत सर्वमान्य आहे. नवे साधन हे कौशल्याचा विस्तार मानायचे की कौशल्याला दिलेली बगल, हा वाद या खेळात तेव्हापासून सतत चालत आला आहे.

३. कारखाना, वृत्तपत्र आणि घरचे अंगण

दुसऱ्या महायुद्धाने या खेळाला अनपेक्षित देणगी दिली. लाकडी विमानांच्या बांधणीसाठी विकसित झालेले, पाण्याने न सुटणारे कृत्रिम डिंक व उत्तम प्रतीचे प्लायवूड युद्धानंतर होडीबांधणीसाठी उपलब्ध झाले. फेअरी या विमान कंपनीच्या होडीबांधणी शाखेने अफा फॉक्स यांच्या आराखड्यावरून ‘फायरफ्लाय’ ही डिंगी मोठ्या प्रमाणात तयार केली. १९४८ च्या ऑलिंपिकमधील एकट्या खेळाडूची शर्यत याच होडीवर झाली. डेन्मार्कच्या पॉल एल्व्हस्ट्रॉम यांनी तेथे मिळविलेले सुवर्णपदक हे त्यांच्या सलग चार ऑलिंपिक सुवर्णपदकांपैकी पहिले होय. काठाबाहेर झुकून बसण्यासाठी त्यांनी खास बाकावर शरीराला सराव दिला. साहित्याइतकेच शरीरही ‘घडवावे’ लागते, ही जाणीव त्यांनी या खेळात रुजविली.

मात्र खरे सामाजिक परिवर्तन जॅक होल्ट यांच्या आराखड्यांनी घडविले. त्यांची ‘कॅडेट’ (१९४७) ही मुलांची डिंगी एका नौकाविषयक नियतकालिकाच्या प्रोत्साहनाने, तर निळ्या शिडांची ‘एंटरप्राइझ’ (१९५६) ‘न्यूज क्रॉनिकल’ या वृत्तपत्राच्या पाठिंब्याने पुढे आली. १९६३ च्या प्रारंभी लंडनच्या नौकाप्रदर्शनात ‘मिरर’ डिंगी सादर झाली. तिच्यामागे ‘डेली मिरर’ हे वृत्तपत्र होते आणि बॅरी बकनेल हे घरगुती कारागिरी शिकविणारे दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय निवेदक होल्ट यांचे सहकारी होते. प्लायवूडचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेने शिवावेत आणि सांध्यांवर काचतंतूची पट्टी राळेने चिकटवावी, अशी ही पद्धती होती. ज्याला सुतारकाम येत नाही असा कारकून किंवा शिक्षकही ही होडी अंगणात किंवा घराच्या पडवीत बांधू शकत असे. लाल शिडांच्या अशा सुमारे सत्तर हजार होड्या पुढे तयार झाल्या. क्लबच्या दाराशी थबकलेला मध्यमवर्ग स्वतःच्या हातांनी बांधलेली होडी घेऊन आत आला, असेच या घटनेचे वर्णन करावे लागेल.

शिडांचे स्थित्यंतरही याच काळातील आहे. सुती शीड नवे असताना हळूहळू ताणून त्याचा आकार बसवावा लागे आणि प्रत्येक खेपेनंतर ते वाळवावे लागे, अन्यथा त्याला बुरशी लागे. १९४१ मध्ये व्हिनफिल्ड व डिक्सन या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञांनी पॉलिएस्टरच्या धाग्याचा शोध लावला. ‘टेरिलीन’ या नावाने आलेल्या या धाग्याची शिडे युद्धोत्तर काळात रुळली आणि शीड सांभाळण्याचे निम्मे काम नाहीसे झाले.

या प्रवाहाचा कळस म्हणजे ब्रूस कर्बी यांनी रेखाटलेली आणि १९७० मध्ये प्रथम शर्यतीत उतरलेली ‘लेझर’ ही काचतंतूची डिंगी. एक माणूस, एक शीड आणि मोटारीच्या टपावर मावणारी होडी, हे तिचे स्वरूप. दोन लाखांहून अधिक लेझर होड्या तयार झाल्या आणि १९९६ मध्ये तिला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले. परंतु येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. मिरर कोणीही घरी बांधू शके. लेझर मात्र केवळ परवानाधारक उत्पादकाकडूनच घ्यावी लागे. तिचे शीड व सुटे भागही अधिकृतच हवेत, असा नियम होता. समानतेसाठी केलेल्या नियमातूनच मक्तेदारी निर्माण झाली. २०१९ मध्ये उत्पादन व व्यापारनामाच्या वादातून या वर्गाला ‘आयएलसीए’ हे नवे नाव घ्यावे लागले, यावरून त्या विसंगतीचे गांभीर्य लक्षात यावे.

४. मोठ्या नौका आणि रेटिंगचे सूत्र

मोठ्या नौकांच्या बाबतीत सर्वांनी एकसारखी नौका घ्यावी ही अपेक्षा व्यवहार्य नव्हती. म्हणून वेगवेगळ्या नौकांची मोजमापे घेऊन, सूत्राच्या आधारे प्रत्येकीच्या वेळेत सवलत वा अधिभार देण्याची पद्धती रूढ झाली. १९२५ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून निघून आयर्लंडच्या नैर्ऋत्येकडील फास्टनेट खडकाला वळसा घालून प्लिमथला पोहोचण्याची पहिली शर्यत झाली. सुमारे ६०० सागरी मैलांच्या त्या शर्यतीत अवघ्या सात नौका होत्या. विजयी ठरलेली ‘जोली ब्रीझ’ ही मुळात फ्रेंच वाटाड्यांची, वादळात टिकण्यासाठी बांधलेली कामकरी नौका होती.

१९७० च्या सुमारास अमेरिकी व ब्रिटिश मोजणीपद्धतींचा मेळ घालून ‘आयओआर’ हा आंतरराष्ट्रीय नियम अमलात आला. नौकेच्या विशिष्ट बिंदूंवर मापे घेऊन तिचा संभाव्य वेग ठरविला जाई. आराखडाकारांनी साहजिकच त्या बिंदूंभोवती नौकेचा आकार वळविला. मध्यभाग रुंद, मागील टोक निमुळते, सांगाडा हलका, असे घाट निघू लागले. जड तळामुळे मिळणारी स्थिरता सूत्राच्या हिशेबात तोट्याची ठरत असल्याने ती कमी ठेवण्याकडे कल झाला. समुद्रासाठी नौका बांधण्याऐवजी सूत्रासाठी नौका बांधली जाऊ लागली. शांत हवेत या फरकाची किंमत कोणालाही द्यावी लागत नव्हती.

५. ऑगस्ट १९७९

११ ऑगस्ट १९७९ रोजी फास्टनेट शर्यतीसाठी ३०३ नौका निघाल्या. १३ ऑगस्टच्या रात्री आयर्लंड व इंग्लंड यांमधील समुद्रात वादळाने ब्यूफोर्ट मापनाची दहावी पायरी गाठली. शर्यत पूर्ण करणाऱ्या नौका केवळ ८५ होत्या. १९४ नौकांनी माघार घेतली, २४ नौका खलाशांना सोडून द्याव्या लागल्या आणि त्यांपैकी पाच बुडाल्या. शर्यतीतील १५ जण मृत्युमुखी पडले. हेलिकॉप्टरे, जीवरक्षक नौका, नौदलाची व व्यापारी जहाजे यांनी सव्वाशेहून अधिक जणांचे प्राण वाचविले.

त्याच वर्षाअखेरीस प्रसिद्ध झालेला चौकशी अहवाल हे या विषयाचे महत्त्वाचे साधन आहे. त्यातून पुढे आलेली सर्वांत विदारक बाब नौका सोडण्यासंबंधीची आहे. सोडलेल्या २४ नौकांपैकी १९ तरंगत सापडल्या. मृतांपैकी सात जणांचा अंत जीवरक्षक तराफ्यांशी निगडित होता, आणि त्यांनी सोडलेल्या नौका मात्र पाण्यावरच राहिल्या होत्या. तराफे उलटले, फाटले. काहींचे सुरक्षापट्टे तुटले. बिनतारी संदेश पाठविण्याची यंत्रणा जवळ बाळगणे तेव्हा सर्वांना सक्तीचे नव्हते.

नौकांच्या घाटाविषयीचा पुरावाही बोलका आहे. सर्वांत लहान नौकांच्या वर्गातील ५८ पैकी एकच नौका शर्यत पूर्ण करू शकली. ती म्हणजे ‘कॉन्टेसा ३२’ या जुन्या वळणाच्या आराखड्याची ‘असेंट’. त्याच वर्गातील ‘ग्रिमॉल्किन’ ही नौका लाटांनी वारंवार उलथली. ‘कॉन्टेसा ३२’ सुमारे १५५ अंशांपर्यंत कलली तरी पुन्हा सरळ होण्याची क्षमता राखते. ‘ग्रिमॉल्किन’च्या बाबतीत ही मर्यादा सुमारे ११७ अंश होती. ही तफावत म्हणजे नियमाने साहित्याला आणि साहित्याने माणसाला कोठवर नेले याचे मोजमापच होय.

या शर्यतीनंतर संदेशयंत्रणा सक्तीची झाली, सहभागासाठी पूर्वानुभवाची अट आली, सुरक्षापट्टे व तराफे यांच्या दर्जाकडे अधिक कटाक्षाने पाहिले जाऊ लागले आणि स्थिरता हा नियमांतील स्वतंत्र विषय बनला. तरीही १९९८ च्या सिडनी–होबार्ट शर्यतीत ११५ पैकी ४४ नौकाच पोहोचल्या व सहा जण दगावले. नियमांनी धोका घटतो, नाहीसा होत नाही.

६. मुंबई व गोव्याशी असलेला दुवा

हा इतिहास आपल्या किनाऱ्याला सर्वस्वी परका नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८–६९ मध्ये ज्या नौकेतून एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा प्रथम पूर्ण केली, ती ‘सुहेली’ मुंबईत, भारतीय सुतारांच्या हातून सागवानी लाकडात बांधली गेली होती. त्या शर्यतीत निघालेल्या नऊ जणांपैकी परतलेली ती एकमेव नौका. रेटिंगच्या कोणत्याही सूत्राचा विचार न करता बांधलेली ही संथ, जड नौका ३१२ दिवस टिकली, ही बाब वरील विवेचनाच्या संदर्भात लक्षणीय ठरते.

डिंगीच्या प्रवाहात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धेतील शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या. त्यांत ‘फायरबॉल’ वर्गात फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. प्लायवूडच्या युगात, १९६२ मध्ये पीटर मिल्न यांनी आखलेली ही डिंगी असून, १९३८ मध्ये वादग्रस्त ठरलेला ट्रॅपीझ हे तिचे नेहमीचे साधन आहे. पुढे रत्नाकर दांडेकर यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय होण्याचा मान मिळविला.

७. निष्कर्ष

१. शर्यतीचा नियम हा तटस्थ पंच नसतो. तो होडीचा घाट, साहित्याची निवड आणि खेळाडूची वृत्ती या तिन्ही गोष्टी घडवितो.

२. डिंगीच्या प्रवाहात एकसारखेपणाने खेळ सामान्यांच्या आवाक्यात आणला, परंतु उत्पादनाच्या केंद्रीकरणाने त्या लाभाला काही अंशी मर्यादा घातली.

३. मोठ्या नौकांच्या प्रवाहात समानतेचे सूत्र सुरक्षिततेवर मात करू शकते, हे १९७९ च्या घटनेने दाखवून दिले.

४. सुरक्षेचे साधन हे निर्णयबुद्धीला पर्याय ठरत नाही. तरंगणारी नौका सोडून तराफ्यात उतरलेल्यांचा अंत हा त्याचा पुरावा आहे.

कोणत्याही संस्थेत न्याय्य स्पर्धेसाठी केलेली मोजमापे कालांतराने स्वतःच उद्दिष्ट बनू लागतात, हा अनुभव शिक्षणक्षेत्रात वावरणाऱ्यांना नवा नाही. गुणांचे सूत्र जपताना मूळ विद्या हलकी होत नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी नियम करणाऱ्यांचीच असते. शिडाच्या हौशी शर्यतींनी हा धडा पंधरा प्राणांचे मोल देऊन शिकला. हौसेला मोल असते, आणि ते आधीच ओळखलेले बरे, एवढेच या इतिहासाचे सांगणे आहे.